पशुवैद्यक पदवी निवडताना: पहिल्या दिवशी तुम्हाला काय येणार?

प्रवेशाचे दिवस आले की माहितीपुस्तिकांचा ढीग जमतो आणि त्यात एकमेकांसारखी दिसणारी नावं गोंधळ उडवू लागतात. पशुवैद्यकशास्त्र, पशुविज्ञान, पशुवैद्यकीय जीवविज्ञान, पशुवैद्यकीय शुश्रूषा, पशुसंवर्धन पदविका. मुखपृष्ठावर बहुतेक ठिकाणी फोटोही तोच: पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात गोजिरवाणं पिल्लू. शालेय शिक्षण संपत आलेल्या मुलीला ‘जनावरांची डॉक्टर’ व्हायचं असतं, घरात या क्षेत्रातलं कुणी नसतं, आणि अर्ज भरायची मुदत तर जवळ आलेली असते. मग निवड होते ती कॉलेजच्या नावावरून, नाहीतर घरापासूनच्या अंतरावरून.

या गोंधळातून वाट काढायला पशुवैद्यांच्याच जगातली एक कल्पना उपयोगी पडते. तिचं नाव ‘पहिल्या दिवसाची क्षमता’. पदवी घेऊन कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी, शेजारी कुणी अनुभवी माणूस उभा नसताना, नव्या पशुवैद्याला कोणती कामं सुरक्षितपणे करता आलीच पाहिजेत, त्यांची ही यादी. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१२ साली अशी यादी जगभरच्या शिक्षणसंस्थांसाठी जाहीर केली. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांची नोंदणी करणारी ‘रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स’ ही संस्था स्वतःची वेगळी यादी ठेवते. म्हणजे पदवी पारखताना खरे प्रश्न दोन: पहिल्या दिवशी मला काय येणार, आणि ते करायची मुभा मला कुठे असणार? दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यात चूक झाली तर पहिल्याला काही अर्थच उरत नाही.

## नावं सारखी, परवाना एकीलाच

गाडी उत्तम चालवता येणं वेगळं आणि गाडी चालवायचा परवाना खिशात असणं वेगळं. पशुवैद्यकात हा फरक पदवीच्या नावातच दडलेला असतो. जनावराचं निदान करणं, औषध लिहून देणं, शस्त्रक्रिया करणं ही कामं जवळपास सगळ्या देशांत कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यासाठी राखीव आहेत. भारतात १९८४ चा पशुवैद्यक परिषद कायदा आहे, ब्रिटनमध्ये १९६६ चा. नोंदणीसाठी जी पदवी चालते ती सोडून बाकीच्या सगळ्या, कितीही चांगल्या असल्या, तरी त्या दवाखान्याच्या दारापर्यंतच नेतात.

परवाना देणाऱ्या पदव्यांची नावं देशागणिक आणि कधीकधी विद्यापीठागणिक बदलतात. भारतात बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजची बीव्हेटमेड, ग्लासगोची बीव्हीएमएस, केंब्रिजची व्हेटएमबी. अमेरिका-कॅनडात डीव्हीएम, त्यातही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ तीच पदवी व्हीएमडी या नावाने देतं. अक्षरं उलटसुलट झाली तरी या सगळ्या एकाच पातळीच्या. अक्षरांच्या फरकावरून दर्जा ठरवायला जाऊ नका.

फसगत होते ती दुसरीकडे. ‘पशुवैद्यकीय जीवविज्ञान’ किंवा ‘पशुविज्ञान’ या नावाच्या तीन-चार वर्षांच्या विज्ञान पदव्या अनेक विद्यापीठांत आहेत. त्यात जनावराचं शरीर, पोषण, आनुवंशिकता, रोगजंतू असं बरंच शिकवलं जातं. संशोधन, पशुखाद्य उद्योग, प्रयोगशाळा यांसाठी त्या उत्तम. पण त्या घेऊन जनावराला इंजेक्शन लिहून देता येत नाही. शुश्रूषेची पदवी भूल, जखमा, दाखल जनावरांची देखभाल यांत तरबेज माणूस घडवते. तो स्वतंत्र आणि मानाचा व्यवसाय आहे, मात्र पशुवैद्याचा नाही. भारतात पदविकाधारकांना किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली.

सिडनी विद्यापीठाचं उदाहरण बोलकं आहे. तिथे जीवविज्ञानाची पदवी आणि डीव्हीएम असा सहा वर्षांचा जोडअभ्यासक्रम चालतो. पहिली पदवी हातात पडली म्हणून कुणी थांबलं, तर तो पशुवैद्य होत नाही. म्हणून माहितीपुस्तिकेत एकच वाक्य शोधा: ‘ही पदवी घेतल्यावर अमुक देशाच्या अमुक परिषदेकडे पशुवैद्य म्हणून नोंदणी करता येते.’ ते वाक्य सापडलं नाही तर विचारा. उत्तर गोलमोल आलं तर ‘नाही’ असंच समजा.

## एका देशातला परवाना दुसरीकडे चालेलच असं नाही

शिक्षणाची रचनाच देशोदेशी वेगळी आहे. भारतात शालेय शिक्षणानंतर थेट प्रवेश, साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी पाच वर्षं, केंब्रिजला सहा. युरोपीय संघात किमान पाच वर्षांची अट आहे, आणि तिथल्या एका सदस्य देशाची पदवी दुसऱ्यात आपोआप मान्य होते. ब्रिटन मात्र संघातून बाहेर पडल्यावर या सोयीलाही मुकला. ऑस्ट्रेलियात दोन्ही तऱ्हा आहेत: क्वीन्सलँडला शाळेनंतर थेट पाच वर्षं, मेलबर्नला आधी एक पदवी आणि मग डीव्हीएम.

अमेरिकेत तर पदवीपातळीवरची पशुवैद्यक पदवी हा प्रकारच नाही. तिथे ‘प्री-व्हेट’ म्हणतात ती निव्वळ तयारी असते: आवश्यक विषय घेऊन काही वर्षं कॉलेज करायचं, मग डीव्हीएमच्या चार वर्षांसाठी पुन्हा स्पर्धा करायची. शेवटी परवान्यासाठी नॅव्हले नावाची परीक्षा. प्री-व्हेटला प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटण्याची घाई करू नये, ती पहिली पायरी आहे.

पुढे दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर अधिमान्यता बघावी लागते. अधिमान्यता म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञ मंडळाने कॉलेज तपासून ‘इथलं शिक्षण आमच्या कसोटीला उतरतं’ असा शिक्का देणं. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेचं मंडळ अमेरिकेबाहेरची कॉलेजंही तपासतं. लंडन, एडिनबरा, नेदरलँड्सचं उट्रेख्ट, मेलबर्न, न्यूझीलंडचं मॅसी अशी काही नावं त्यात आहेत. असा शिक्का नसलेल्या कॉलेजच्या पदवीधरांना रस्ता बंद नसतो, लांब असतो. अमेरिकेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची चाचणी द्यावी लागते. तिच्यात भूल, शस्त्रक्रिया, घोडा, गुरं, कुत्री-मांजरं, क्ष-किरण आणि शवविच्छेदन असं सगळं करून दाखवायचं असतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्याही स्वतःच्या परीक्षा आहेत.

म्हणून परदेशी जाणं हे निश्चित ध्येय असेल तरच अधिमान्यतेला जास्त वजन द्या. राहायचं आणि काम करायचं जिथे आहे तिथलाच परवाना मिळणार असेल, तर दूरच्या देशाच्या शिक्क्यासाठी कर्ज काढण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

## इतकी वर्षं शिकवतात तरी काय?

माणसांच्या डॉक्टरपुढे येणारा रुग्ण कुठल्याही वयाचा, कुठल्याही देशाचा असो, त्याच्या शरीराचा नकाशा एकच असतो. पशुवैद्याचं तसं नाही. गायीच्या पोटाला चार कप्पे. त्यातला सगळ्यात मोठा, कोटीपोट, शंभर लिटरहून अधिक ऐवज मावेल एवढा. तो डाव्या बाजूला असतो, म्हणून पोटफुगी झाली की डावी कूस वर येते. चौथा कप्पा जागेवरून सरकला तर बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथोस्कोप लावल्यावर टणटण आवाज येतो आणि निदान जागच्या जागी होतं. घोड्याचं एकच जठर, तेही अंगाच्या मानाने लहान, आणि त्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की आत वायू किंवा पाणी साठलं तर जठर फुटू शकतं. म्हणून पोटदुखीने लोळणाऱ्या घोड्याच्या नाकातून नळी घालून दाब मोकळा करणं हे तातडीचं काम. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. तपासताना छाती घट्ट धरली तर तो हातातच गुदमरतो.

औषधांत तर हा फरक जीवघेणा ठरतो. माणसाला तापावर देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात दुबळी असते. झायलाझिन हे गुंगीचं औषध घोड्याला जितकं लागतं, त्याच्या साधारण दहावा हिस्सा गायीला पुरतो. घोड्याचा डोस गायीला दिला तर ती कोसळते. कोंबड्या आणि गुरांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन घोड्याने खाल्लं तर त्याच्या हृदयाचे स्नायू निकामी होतात. सशाला तोंडाने पेनिसिलिन दिलं तर आतड्यातल्या उपयोगी जंतूंचा नाश होऊन ससा दगावू शकतो. इतकंच कशाला, एकाच प्रजातीतही सारखेपणा नाही: कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या बदलामुळे आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा मोठा डोस मेंदूत शिरतो, बाकीच्या बहुतेक कुत्र्यांना तो सोसतो.

पहिली एक-दोन वर्षं या सगळ्याचा पाया घालण्यात जातात: शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पोषण, पशुव्यवस्थापन. या काळात पुष्कळ मुलांचा उत्साह मावळतो, कारण वाटलं होतं पिल्लांना बरं करायचं आणि हातात येतात हाडं, पेशींच्या काचपट्ट्या आणि चाऱ्याच्या पौष्टिकतेची गणितं. मग विकृतीशास्त्र, सूक्ष्मजीव, परजीवी, औषधशास्त्र. आणि शेवटच्या टप्प्यात औषधोपचार, शल्यचिकित्सा, प्रजनन व प्रसूती. सगळ्यात शेवटी दवाखान्यातली फिरती, जिथे हे सगळं एका जिवंत, घाबरलेल्या, लाथ मारू पाहणाऱ्या जनावरावर लागू करायचं असतं. आणि ते जनावर ‘कुठे दुखतंय’ हे सांगणार नसतं.

## एक जनावर आणि अख्खा कळप

या शिक्षणाचा निम्मा भाग असा आहे की जो बाहेरच्यांना दिसतच नाही, आणि माझ्या मते पदवीचं खरं वेगळेपण तिथेच आहे. पशुवैद्याला एकाच वेळी समोरचं जनावर, त्याचा कळप, त्याचा मालक आणि त्या जनावराचं दूध-मांस खाणारी अनोळखी माणसं यांचा विचार करावा लागतो.

कासदाह झालेल्या गायीला प्रतिजैविक दिलं की गाय बरी होते, पण औषधाचा अंश काही काळ दुधात उतरत राहतो. म्हणून प्रत्येक औषधाला प्रतीक्षा काळ ठरलेला असतो: अमुक दिवस हे दूध विकायचं नाही, अमुक दिवस हे जनावर कत्तलीला पाठवायचं नाही. मालकाला हे पटवून देणं हाही उपचाराचाच भाग. तसं झालं नाही तर प्रतिजैविकाचा अंश लोकांच्या पोटात जातो आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढायला मदत होते.

परिणाम किती दूरवर जाऊ शकतो याचा धडा गिधाडांनी दिला. भारतीय उपखंडात गुरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक सर्रास दिलं जायचं. उपचारानंतर लवकर मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. हे कारण २००४ साली उजेडात आलं. तोवर काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली होती. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. गुरांवर उपचार करणाऱ्यांनी आपापल्या परीने बरोबरच केलं होतं, दुखणाऱ्या जनावराचं दुखणं थांबवलं होतं. पण आकाशातल्या पक्ष्याचा हिशेब कुणाच्या मनात आला नव्हता.

पशुवैद्यकशिक्षण सुरू झालं तेही एका साथीमुळेच. अठराव्या शतकात बुळकांडीने, म्हणजे रिंडरपेस्टने, युरोपातली गुरं लाखोंनी मरत होती. त्या पार्श्वभूमीवर क्लोद बुर्जला यांनी १७६१ साली फ्रान्समधल्या लियोंमध्ये जगातली पहिली पशुवैद्यक शाळा काढली. बरोबर २५० वर्षांनी, २०११ मध्ये, बुळकांडीचं पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. तो एकेका गायीला तपासून गेला नाही. लसीकरण, पाळत, जनावरांच्या हालचालींवर नियंत्रण अशा कळपाच्या पातळीवरच्या कामाने गेला. आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसांना होणाऱ्या संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के मूळ प्राण्यांकडून आलेले आहेत, हे लक्षात घेतलं की या पदवीत सार्वजनिक आरोग्याचे इतके धडे का असतात ते कळतं.

## मग कॉलेज पारखायचं कसं?

क्रमवारीच्या याद्यांवर फार विसंबू नका. त्या बहुतांशी संशोधन आणि नावलौकिक मोजतात. विद्यार्थ्याच्या हाताखालून किती जनावरं गेली हे त्यात येत नाही, आणि पहिल्या दिवसाची क्षमता ठरते ती नेमकी त्यावरच.

म्हणून शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना गाठा आणि थेट विचारा. मादी कुत्रीची निर्बीजीकरण शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने किती वेळा केली? गाय गाभण आहे की नाही हे गुदद्वारातून हात घालून तपासण्याचा सराव किती गायींवर मिळाला? (हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. सुरुवातीला हाताला ऊब आणि शेणाखेरीज काहीच कळत नाही, आणि गर्भाशय हाताला लागण्याआधीच गाय मनगट आवळते.) अडलेली गाय मोकळी करताना तुम्ही दोर धरला होता की मागे उभं राहून पाहत होता? रात्री दोन वाजता आलेलं जनावर कोण बघतं? शवविच्छेदनं किती केली? शेवटचा प्रश्न मुलांना नको असतो, पण मेलेलं जनावर उघडून कारण शोधता येणं हे कळपाच्या आरोग्यासाठी अमूल्य आहे.

इथे एक उलटी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अतिविशेषज्ञांचं भव्य रुग्णालय असलेलं कॉलेज प्रथमदर्शनी डोळ्यात भरतं. तिथे एमआरआय असतो, हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात. पण अशा रुग्णालयात बाकीच्यांनी हात टेकलेले, गुंतागुंतीचे रुग्ण येतात, आणि त्यांच्याभोवती विशेषज्ञ व पदव्युत्तर विद्यार्थी यांचं कडं असतं. पदवीचा विद्यार्थी तिसऱ्या रांगेतून पाहतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्याच्याकडे येणार असतं ते खाजणारं कुत्रं, जुलाब लागलेलं वासरू, जार (वार) न पडलेली म्हैस. हे साधे रुग्ण कुठे बघायला मिळतात ते विचारा. ब्रिटनमधलं नॉटिंगहॅम आणि कॅनडातलं कॅल्गरी यांनी तर एकाच मोठ्या रुग्णालयावर भिस्त न ठेवता विद्यार्थ्यांना बाहेरच्या नेहमीच्या दवाखान्यांत पाठवण्याची पद्धत घेतली. तिचे तोटेही आहेत, कारण प्रत्येक दवाखान्यात शिकवणारा सारखाच चांगला भेटेल याची हमी नसते. तरीही निव्वळ ‘स्वतःचं रुग्णालय नाही’ म्हणून असं कॉलेज बाद करू नये.

बाहेरच्या अनुभवाचा हिशेबही मागा. ब्रिटनमध्ये परंपरेने पाच वर्षांत ३८ आठवडे कॉलेजबाहेर काढावे लागत: आधी शेतांवर आणि गोठ्यांत, मग दवाखान्यांत. ते सुट्ट्यांमध्ये करायचे असतात, म्हणजे त्या दिवसांत कमावता येत नाही आणि राहण्या-फिरण्याचा खर्च अंगावर पडतो. फीच्या आकड्यात हा खर्च कुठेच दिसत नाही. भारतातल्या एक वर्षाच्या आंतरवासितेत विद्यावेतन असतं, ते किती आणि वेळेवर मिळतं का, हे आधीच्या तुकडीला विचारलेलं बरं. कर्ज काढणार असाल तर नव्या पशुवैद्याच्या सुरुवातीच्या पगाराशी हप्ता ताडून पाहा. माणसांच्या डॉक्टरच्या पगाराशी नको. अनेक देशांत शिक्षण जवळपास तितकंच लांब आणि महाग, कमाई मात्र कमी, असं चित्र आहे.

## ‘मेडिकल हुकलं म्हणून इकडे आलो, चालेल ना?’

चालेल. या वाटेने आलेले उत्तम पशुवैद्य झालेले आहेत. पण मनात ‘पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊ’ असं चालू असेल तर पहिलं वर्ष वाया जातं, आणि ज्याला मनापासून यायचं होतं त्याची एक जागाही अडते. एवढा विचार करावा: तुम्हाला माणसांवर उपचार करायचे आहेत, की शरीर आणि रोग समजून घ्यायचे आहेत? उत्तर दुसरं असेल तर इथे तुमची भूक जास्त भागेल. क्षयाच्या बीसीजी लशीच्या जनकांपैकी कामिय गेरँ पशुवैद्य होते. विषाणूबाधित पेशी आपली रोगप्रतिकारक यंत्रणा कशी ओळखते हे उलगडल्याबद्दल १९९६ चं नोबेल मिळालेले पीटर डोहर्टी क्वीन्सलँडचे पशुवैद्यक पदवीधर. फायझरचे प्रमुख अल्बर्ट बूर्ला यांनीही ग्रीसमध्ये पशुवैद्यकच केलं. प्रयोगशाळा, लसनिर्मिती, अन्नसुरक्षा, मांसतपासणी, सैन्यदलं, वन्यजीव असे फाटे या पदवीतून फुटतात. वन्यजीवांच्या जागा मात्र फार थोड्या असतात, आणि वाघाला बेशुद्ध करण्याच्या एका प्रसंगामागे कागदपत्रांचे बरेच महिने असतात.

## ‘मला प्राणी फार आवडतात, तेवढं पुरे नाही का?’

ते लागतंच, पण पुरत नाही. जनावर स्वतः दवाखान्यात येत नाही. त्याला माणूस आणतो, बिल माणूस भरतो, निर्णयही माणूस घेतो. बरा होण्यासारखा कुत्रा पैशांअभावी घरी परत जाताना पाहावा लागतो. दयामरणाचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने द्यावं लागतं, कधी एकाच दिवसात दोनदा, आणि मध्ये लशीला आलेल्या पिल्लाच्या मालकाशी हसून बोलावं लागतं. कळपात साथ शिरली तर निरोगी दिसणारी जनावरंही मारण्याचा आदेश येऊ शकतो.

याचा ताण खराखुरा आहे. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्युनोंदींच्या अभ्यासात पुरुष पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या २.१ पट आणि स्त्रियांमध्ये ३.५ पट आढळलं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. कॉलेज निवडताना तिथे मालकाशी बोलण्याचं, वाईट बातमी सांगण्याचं प्रशिक्षण आहे का, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक आहे का, हे प्रश्न ग्रंथालयाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत म्हणून सांगतो. ज्यांना माणसांशी बोलायचा कंटाळा आहे आणि म्हणून जनावरं बरी वाटतात, त्यांनी दोनदा विचार करावा.

## ‘ताकदीचं काम आहे, मुलींना जमेल?’

ब्रिटन-अमेरिकेत पशुवैद्यकाच्या वर्गात मुलींचीच संख्या जास्त आहे, एवढं उत्तर खरं तर पुरे. पाचशे किलोच्या गायीपुढे पुरुषाची ताकदही किरकोळच असते. अडलेलं वासरू सुटतं ते मणक्यात दिलेल्या भुलीने, वंगणाने, वासराचे पाय योग्य दिशेला वळवण्याने आणि दोर नेमका कुठे बांधायचा या ज्ञानाने. नुसती ओढाताण केली तर गायही जाते आणि वासरूही.

## ‘मला फक्त कुत्री-मांजरंच बघायची आहेत’

हरकत नाही, पण पदवी सगळ्यांचीच करावी लागेल. परवाना एकच असतो आणि तो सर्व प्रजातींचा असतो. गायीच्या गोठ्यात घालवलेले महिने वायाही जात नाहीत, कारण थोड्या साधनांत, फक्त डोळे, हात आणि नाक वापरून निदान करायची सवय तिथेच लागते. विशेष शिक्षण पदवीनंतर आहेच. उलट दिशेनेही मन मोकळं ठेवा: पिल्लांसाठी आलेली मुलं शेवटी कोंबड्यांच्या रोगांत रमतात, आणि घोड्यांसाठी आलेली प्रयोगशाळेत.

अर्ज भरण्याआधी रोजचं काम चालणाऱ्या एका दवाखान्यात आणि एका गोठ्यात किमान आठवडाभर रोज जाऊन उभं राहा. नुसते रुग्ण बघू नका. पशुवैद्य मालकाला काय सांगतो, फोनवर कुणाशी वाद घालतो, नोंदी किती वेळ लिहीत बसतो, जेवायला कधी जातो ते बघा. रक्त आणि वासाने पहिल्या दिवशी भोवळ आली तर काळजी नको, बहुतेकांची ती चार-सहा दिवसांत जाते. तिथला वास, चिखल आणि वाट पाहणं आठवड्यानंतरही नकोसंच वाटत असेल तर मात्र तो इशारा समजा. गमबूट न्या, जार किंवा गर्भपाताच्या रुग्णाला हातमोज्यांशिवाय शिवू नका, कारण जनावरांत गर्भपात घडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो, आणि जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. पुढे प्रवेश मिळाल्यावर ती बहुधा घ्यावी लागेलच.